लोखंडाचे चणे खाणारी राड

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी साहित्य मागवणाऱ्या सूचनेत ‘सामाजिक, वाङ्मयीन अथवा वैचारिक’ असे तीन शब्द होते. माझा विषय या तिन्हींत बसतो असे माझे ठाम मत आहे. प्राध्यापकवर्गाला तो एकातही बसत नाही असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. विषय आहे एक राक्षस. त्याला दहा तोंडे नाहीत, वीस हात नाहीत. खरे म्हणजे एकही तोंड नाही आणि एकही हात नाही. ओल्या दगडासारखा दिसणारा, राखाडी रंगाचा, भिंतीवरून सरपटणारा असा तो एक लिबलिबीत गोळा आहे आणि धातू हे त्याचे आवडते अन्न आहे. अतिशय कष्टाचे काम पडले की लोखंडाचे चणे खावे लागले असे आपण म्हणतो. हा गडी ते खरोखरच खातो, आणि तेही दातांवाचून.

तो राहतो एका खेळात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही २०१६ साली सुरू झालेली मालिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तळघरात टेबलाभोवती बसलेली ती चार मुले आठवतील. तोच हा खेळ. यात पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट सांगतो. त्याला ते लोक डंजन मास्टर म्हणतात. आम्ही सूत्रधार म्हणतो, कारण आपल्या नाटकात तो शब्द आधीपासूनच आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, ‘समोर अंधारी गुहा आहे.’ तुम्ही म्हणायचे, ‘मी मशाल पेटवतो.’ काम सोपे असेल तर झाले. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्याच्या आकड्यावर यशापयश ठरवायचे. आमच्या वसतिगृहात असला फासा नाही. आम्ही १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून हलवतो. काढलेली चिठ्ठी लगेच परत टाकायची, नाहीतर संभाव्यता बिघडते, असे आमच्यातला बारावी सायन्स करून कलाशाखेत आलेला मित्र दर वेळी बजावतो.

या खेळाची पुस्तके महाग असतात. पण जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम प्रकाशकांनी मुक्त परवान्याखाली खुले केले. ते कोणालाही फुकट वाचता येतात, बदलता येतात, त्यांवर आपले काही रचता येते. हा खेळ आमच्या खोलीत आला तो या दारातून. इंग्रजीच्या पेपरात ‘अनसीन पॅसेज’ सोडवताना घाम फुटणारी मुले रात्री अकरा वाजता मोबाइलवर राक्षसांची इंग्रजी वर्णने शब्दकोश लावून वाचतात, हे आमच्या इंग्रजीच्या सरांना कळले तर त्यांना आनंद होईल की दुःख, हे सांगता येत नाही.

त्या फुकटच्या नियमांत हा राखाडी गोळा आहे. तो काही आजचा नाही. १९७४ च्या पहिल्या संचातच तो होता. लाकूड आणि दगड याला पचत नाही, धातू मात्र पचतो, असे त्याचे वर्णन तेव्हापासूनचे. त्याची भावंडेही पुष्कळ आहेत. काळी खीर म्हणावी असा एक प्रकार आहे, तो लाकूडसुद्धा सोडत नाही. दहा फूट लांब, रुंद, उंच असा एक पारदर्शक ठोकळा आहे, तो बोळातून झाडू मारल्यासारखा सरकतो. आणि चुलतभाऊ म्हणावा असा एक गंजासुर आहे. तो गोळा नाही, प्राणी आहे. त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की लोखंडाचा भुगा होतो. गायगॅक्सने दुकानातून आणलेल्या स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांत एक विचित्र प्राणी निघाला, त्यावरून हा गंजासुर रचला गेला, ही हकीकत या खेळाच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. १९७५ च्या पुरवणीत तो आला. जत्रेतल्या खेळण्यावरून राक्षस बनवणारा माणूस मला तरी जवळचा वाटतो.

आता हे सगळे मराठीत आणायचे म्हणजे पहिली अडचण नावाची. इंग्रजी शब्दाला गाळ म्हणावे तर तो विहिरीत स्वस्थ बसतो. चिखल म्हणावे तर तो बिचारा पायाखाली जातो. शेवाळ हिरवे असते. आम्ही शेवटी ‘राड’ हा शब्द घेतला. पावसाळ्यात गोठ्यापुढे जी होते ती राड. शहरातले मित्र हसले, कारण त्यांच्याकडे राडा म्हणजे मारामारी. पण हा राक्षस येतो तेव्हा तीही होतेच. ‘गंज’ या शब्दाचीही तीच गत. आमच्यातल्या अमरावतीकडच्या मित्राला गंज म्हणजे भात शिजवायचे पातेले. ‘तलवारीवर गंज चढला’ हे वाक्य ऐकून तो म्हणाला, ‘तलवारीवर पातेले कशाला चढवता?’ आमच्या भागात लोखंडाला तांब चढते. गव्हाच्या पानावर रोग पडून विटकरी पूड दिसू लागली की तोही तांबेराच. रानात तांबेरा पाहिलेल्या माणसाला, न दिसणारी भूक पीक कशी खात जाते, हे समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय ही राड गंजवत नाही, ती आम्लाने खाते. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो समजायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. पितळेच्या भांड्यात कल्हई नसताना ताक ठेवले की ते कळकते. म्हणजे आंबटाने धातू खाल्ला आणि तो आपल्या पोटात जायच्या तयारीत आला. चिंचेने घासलेला तांब्या लखलखतो तोही त्याचा वरचा थर चिंचेने खाल्ला म्हणून. ज्या घरात ‘कळकणे’ हे क्रियापद आहे, त्या घरातल्या मुलाला धातू खाणारी राड ही विलायती कल्पना वाटत नाही. निसर्गातही असले पोट नाही असे नाही. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर गंजाच्या सुळक्यांसारख्या लोंब्या लटकल्या आहेत. त्यांच्या एका नमुन्यातून शास्त्रज्ञांना एक नवा जीवाणू मिळाला आणि २०१० साली त्याला त्या जहाजाचेच नाव देण्यात आले. समुद्राच्या तळाशी, काळोखात, इतके मोठे लोखंडी जहाज हळूहळू खाल्ले जात आहे, आणि खाणारे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत.

आपल्या जुन्या वाङ्मयातही लोखंड खाण्याची एक कथा आहे. पंचतंत्रात एक व्यापारी वाडवडिलांचा लोखंडी तराजू ओळखीच्या शेटजीकडे ठेवून परदेशी जातो. परत येऊन मागतो तर शेटजी म्हणतो, तो उंदरांनी खाल्ला. व्यापारी वाद घालत नाही. तो शेटजीच्या मुलाला नदीवर नेतो, लपवून ठेवतो आणि सांगतो, मुलाला ससाण्याने उचलून नेले. पुढचा निवाडा सर्वांना ठाऊक आहे. मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे की तो तराजू सोन्याचा नाही, लोखंडाचा आहे. सोने चोरीला जाते. लोखंड टिकते, असा सर्वांचा भरवसा असतो. म्हणून तर ते गेले असे सांगणारा खोटारडा ठरतो. राड याच भरवशावर घाला घालते. वाघ माणसाला खातो, अजगर माणसाला गिळतो. राड माणसाला चटका देते, पण तिचा डोळा असतो त्याच्या हातातल्या वस्तूवर.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. कलाशाखेच्या वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नये. २०१४ च्या नियमांप्रमाणे राडेचे प्राण २२ अंकांचे. योद्ध्याच्या एका हातात ढाल, दुसऱ्या हातात तलवार. तलवारीचा फासा ८ बाजूंचा आणि मनगटाच्या जोराचे ३ अंक वर. म्हणजे एका घावाला सरासरी साडेसात अंकांची इजा. पण प्रत्येक घावागणिक तलवार खाल्ली जाते आणि तिची इजा कायमची एकाने घटते. पाचव्या घावाला ती संपते. तेव्हा पहिला घाव साडेसातचा, दुसरा साडेसहाचा, तिसरा साडेपाचचा, चौथा साडेचारचा. बेरीज २४. म्हणजे राड चौथ्या घावाला मरते आणि हातात उरते ती आणखी एका घावाची धनीण असलेली तलवार. चिलखताचेही तेच. साखळीचे चिलखत घातलेल्या माणसाचा बचाव १६. त्याला साधा गॉब्लिन २० पैकी ९ चिठ्ठ्यांना लागू शकतो, म्हणजे शेकडा ४५. राडेने तीनदा स्पर्श केला की बचाव १३ वर येतो आणि तोच गॉब्लिन शेकडा ६० वेळा लागतो. राड मेल्यावरसुद्धा हा आकडा ४५ वर परत जात नाही. इतर बहुतेक राक्षसांनी केलेली जखम रात्रीच्या झोपेने भरते. हिची भरत नाही.

आता दुसरे गणित. एक शेतकऱ्याचा पोर हातात लाठी घेऊन उभा आहे. मनगटाचा जोर तेवढाच धरू. दोन्ही हातांनी धरलेल्या लाठीचा फासाही ८ बाजूंचाच. घाव साडेसातचा. पण लाठी लाकडाची. राड तिला खात नाही. दुसरा घाव साडेसातचा, तिसराही साडेसातचा. बेरीज साडेबावीस. राड तिसऱ्या घावाला मेली! नियमांच्या पुस्तकातला भाव असा: तलवार १५ सुवर्णमुद्रांना, लाठी २ रौप्यमुद्रांना, आणि १० रौप्य म्हणजे १ सुवर्ण. म्हणजे ७५ पट स्वस्त हत्यार एक घाव आधी काम करते आणि काम झाल्यावर होते तसेच राहते.

हे गणित मी पहिल्यांदा वहीत मांडले तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. या खेळात सारे काही श्रीमंतीच्या दिशेने चढत जाते. आधी चामडे, मग साखळी, मग पोलादी पत्रा. पत्र्याचे चिलखत १,५०० सुवर्णमुद्रांचे. लाठीवाला पोर पहिल्या दिवशी लाठी घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी ती टाकून देण्याची स्वप्ने पाहतो. साऱ्या राक्षससृष्टीत मला आढळलेली ही राडच अशी आहे की जी दारात उभी राहून विचारते, ‘तुझ्याजवळ लोखंड आहे काय?’ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला घाबरवू शकत नाही. चिलखतवाला वीर मागे सरतो आणि ज्याच्या अंगावर कांबळे आहे त्याला म्हणतो, ‘बाबा रे, तू पुढे हो.’ आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत आलेला मी पहिलाच. पुढे होण्याची वेळ आपल्यावर केव्हा आणि कशामुळे येते, याकडे माझे लक्ष जरा जास्तच असते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

परंतु या खेळाच्या कर्त्यांनी गेल्या पन्नास वर्षांत काय केले ते पाहा. १९७७ च्या राक्षसकोशात ही राड जादूचे चिलखतही खात असे. फक्त ते थोडा अधिक वेळ टिके. २०१४ पर्यंत येता येता नियमात एक विशेषण शिरले: ‘बिगरजादूचे’. आता राड फक्त साधी तलवार खाते, साधे चिलखत खाते. ज्याच्याजवळ मंत्रवलेली तलवार आहे त्याच्या वाटेला ती जात नाही. मोठमोठे वीर, ज्यांना एक तलवार गेली तर दुसरी सहज घेता येईल, त्यांना अभय. आणि नुकता गावातून निघालेला शिपाई, ज्याची ती १५ मुद्रांची तलवार हीच सारी कमाई, त्याचेच तेवढे लोखंड गोड! लाठीवाल्याच्या बाजूने असणारी राड या एका विशेषणाने मिरासदारांची झाली. नियम करणाऱ्यांच्या मनात असे काही नसेलही. तरीपण नियमाचे फळ मनावर अवलंबून नसते.

गंजासुराचे तर याहून मवाळ रूपांतर झाले. २००६ साली माईक मिअर्ल्स या रचनाकाराने असा गंजासुर मांडून पाहिला की त्याने खाल्लेले लोखंड थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होई. २००९ च्या पुस्तकात असे झाले की त्याने जादूची वस्तू गिळली तरी त्याला मारून पोट फाडले की तिच्या किमतीइतकी जादूची पूड परत मिळावी. हा राक्षस नव्हे, ही मुदत ठेव झाली. आणि २०२५ मध्ये आलेल्या नव्या कोशात राडेने खाल्लेली धार एका साध्या ‘दुरुस्ती’ मंत्राने परत येते. हा मंत्र इतका प्राथमिक आहे की मांत्रिक तो दिवसभरात हवा तितक्या वेळा म्हणू शकतो. लढाई संपली, मांत्रिक मिनिटभर पुटपुटला, तलवार नवी.

असे का झाले हे मला कळते. पूर्वीचे काही सूत्रधार हा राक्षस शिक्षेसारखा वापरीत. खेळाडूला चांगली तलवार मिळाली, ती सूत्रधाराला खुपू लागली, की पुढच्याच बोळात राड हजर. खेळाडूने वर्षभर जपलेली वस्तू एका चिठ्ठीवर गेली की तो पुढच्या रविवारी खेळायला येत नाही. कर्त्यांना खेळाडू हवे होते. त्यांनी दात काढून घेतले. पण मुळात दात नसलेल्या प्राण्याचे दात काढले की राहते काय? माझे मत असे की नुकसान काढून टाकणे हा उपाय चुकला. ते सर्वांना लागू होऊ द्यायला हवे होते, आधी दिसू द्यायला हवे होते आणि भरून काढायला कष्टाचा का होईना एक रस्ता ठेवायला हवा होता.

हे मत मी आमच्या खोलीत मांडले तेव्हा सर्वांत कडाडून विरोध केला तो मराठवाड्यातल्या एका मित्राने. तो शांत मुलगा आहे. तो म्हणाला, ‘आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली त्या वर्षी मी अकरावीला होतो. ती परत घ्यायला अण्णांना दोन वर्षे लागली. घरी हे आहेच की. खेळात तरी काही जाऊ नये, काही गंजू नये.’ सगळे गप्प झाले. असल्या बोलण्यापुढे फाशांची संभाव्यता सांगणे बरे दिसत नाही.

मी त्याला त्या रात्री उत्तर दिले नाही. येथे देतो, आणि ते त्याला पटेलच असा माझा आग्रह नाही. विहिरीवरची मोटार गेली ती रात्री गेली. आधी कोणी सूचना दिली नाही, पुढ्यात दोन वाटा ठेवल्या नाहीत, कोणती घेतोस असे अण्णांना विचारले नाही. घरच्या नुकसानाचा हाच खरा जाच आहे. त्यात आपले काहीच चालत नाही. खेळातल्या नुकसानाला मात्र दार ठेवता येते. बोळाच्या दगडावर नको तेवढी ओल चमकते आहे, हे पाहणाऱ्याला दिसू शकते. तलवार म्यान करून लाठी उचलता येते. चिलखत काढून ठेवून, उघड्या अंगाने, अधिक धोका पत्करून पुढे जाता येते. किंवा मित्र मरतो आहे म्हणून, तलवार जाणार हे ठाऊक असूनसुद्धा, ती उपसता येते. ही शेवटची गोष्ट दुरुस्तीच्या मंत्राने साफ मारून टाकली आहे. जी तलवार मिनिटभरात नवी होणार आहे ती मित्रासाठी घालवली, यात विशेष ते काय? अण्णांना जे मिळाले नाही ते निदान टेबलाशी बसलेल्या पोराला मिळावे, एवढेच माझे म्हणणे. जे जाऊ शकत नाही ते देताही येत नाही.

तेव्हा आम्ही आमच्यापुरती राड पुन्हा रचली. कोणाला उपयोग व्हावा म्हणून तपशील देतो.

पहिली गोष्ट, ‘बिगरजादूचे’ हे विशेषण काढून टाकले. मंत्रवलेली तलवारही खाल्ली जाते. फक्त तिला दोन घाव मिळून एक अंक घटतो. राजाच्या तलवारीला थोडी सवलत असावी, माफी असू नये. यावर एकाने मेहरौलीच्या लोहस्तंभाचे काय, असे विचारले. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असलेला, सहा टनांहून अधिक वजनाचा तो स्तंभ. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक संरक्षक थर धरला आणि म्हणून तो फारसा गंजला नाही, असे सांगतात. हवेपाण्याचा गंज त्याने थोपवला, पण आम्लाच्या पोटाशी त्याची गाठ पडलेली नाही. आम्ही ठरवले की राड तोही खाईल, मात्र तिला फार दिवस लागतील आणि तेवढ्यात कोणीतरी लाठी घेऊन पोचेल.

दुसरी गोष्ट, सोने ती खात नाही. सोने विरघळवायला अम्लराज लागते, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, हे दहावीच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाठ केले आहे. राडेजवळ एवढी प्रयोगशाळा नाही. याचा परिणाम असा की तिच्या बोळात जमिनीवर सोन्याची नाणी धुतल्यासारखी लखलखीत पडलेली असतात. शेजारी चामड्याचे पट्टे, पण त्यांना बक्कल नाही. लाकडी म्याने, पण आत काही नाही. दारे आहेत, बिजागऱ्या नाहीत. ती नुसतीच भिंतीला टेकलेली. सूत्रधाराने ‘राड आहे’ असे सांगायचे नाही, पण हे सगळे न चुकता सांगायचे. ज्याचे डोळे फक्त नाण्यांवर आहेत त्याची तलवार गेली तर सूत्रधाराने वाईट वाटून घेऊ नये. पहिल्याच खेळात सर्वांत आधी बिजागऱ्या नसल्याचे कोणाच्या ध्यानात आले असेल? मोटारवाल्या मित्राच्या. त्याने चोराचे पात्र घेतले होते, आणि दार उघडताना कुरकुर का वाजली नाही, एवढेच त्याने विचारले.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती आहे, पण ती लोहाराकडे. यावर मी हटून बसलो होतो. या खेळात वीर आहेत, राजे आहेत, बोलणारे अजगर आहेत. लोहार मात्र भावाच्या तक्त्यापुरता. तलवार १५, चिलखत ७५, घ्या आणि निघा. आमच्या गावच्या लोहाराकडे मी लहानपणी फाळ घेऊन जात असे. भाता ओढायला मला बसवत. तापून लाल झालेल्या लोखंडाचा रंग पाहून तो सांगे की हे आणखी किती वर्षे चालेल. आमच्या आईचा विळा पाजवून पाजवून चंद्रकोरीएवढा झाला होता. तो पाहून तो म्हणाला, ‘वहिनी, आता यात लोखंड कमी आणि तुमचा हातच जास्त आहे.’ अशा माणसाच्या जागी मिनिटभराचा मंत्र बसवणे मला मान्य नाही. म्हणून आमच्या नियमात खाल्लेली तलवार गावी न्यायची. घटलेल्या प्रत्येक अंकाला एक दिवस लोहारशाळेत थांबायचे. पैसे नसतील तर भाता ओढायचा. पूर्वी बलुत्यात धान्य देत, ते दिले तरी चालते. पाचही अंक गेलेली तलवार मात्र लोहारही परत आणू शकत नाही; तो मुठीचा तुकडा घेऊन त्याचा खिळा करून देतो. गेल्या महिन्यात आमच्या योद्ध्याने असा खिळा घेतला आणि तो गळ्यात घालून फिरतो आहे. नियमांच्या दृष्टीने त्या खिळ्याचा काडीइतकाही उपयोग नाही. तो खिळा विकत मागणाऱ्या एका राजाला त्याने परवा नकार दिला.

मोटारवाला मित्र अजून म्हणतो की एकंदरीत नियम कडकच आहेत. त्याच्या आग्रहावरून एक सवलत ठेवली: ज्याच्याजवळ एकच हत्यार आहे आणि दुसरे घ्यायची ऐपत नाही, त्याला बोळात शिरण्याआधी वाटेत कोठेतरी लाठी होण्याजोगे एक लाकूड दिसलेच पाहिजे. ते उचलायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे.

एका प्रश्नावर मात्र अजून दोन तट आहेत. लोहारशाळेतच राड शिरली तर ती ऐरण खाईल काय? खाईल म्हणणारे दोघे, ऐरणीला हात लावू देणार नाही म्हणणारे आम्ही दोघे. वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर यावर चर्चा चालते. ज्यांना मत असेल त्यांनी यावे. चिठ्ठ्यांचा डबा आमचा, चहाचे आपापले पाहावे.